जुने फेरफार आधी वाच

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

अलिबाग तालुक्यात तलाठी म्हणून सजा, म्हणजे सांभाळायची गावं, मिळाल्याचं कळलं, फार बरं वाटलं. फोनवर तू जे विचारलंस, ते मात्र तेव्हापासून मनात घोळतंय. परीक्षेपुरता इतिहास पाठ केला, आता फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतले बदल, संगणकावर ई-फेरफारमध्ये आणि कायदा पुस्तकात, मग मागचं सगळं आमच्या पिढीनं कशाला उकरायचं? वर असंही म्हणालीस की इतिहास काढला की माणसं भांडायलाच उठतात. घाईघाईत उत्तर द्यावं असा हा प्रश्न नव्हे, म्हणून लिहितोय. माझं आयुष्य महसुलात गेलं, तेव्हा उदाहरणंही तिथलीच देणार.

तुझ्याकडे लवकरच एखादा तरुण येईल. मांडव्याला रो-रो लागते, पलीकडे अटल सेतू झालाय, मुंबईचा घेणारा दारात उभा आहे आणि सौदा ठरलाय. अडलंय ते सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात. तिथं 'कुळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र' असा शेरा आहे, म्हणजे कुळाला, दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला, कायद्यानं मिळालेली ही जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. तो वैतागून म्हणेल, जमीन आमच्या आजोबांपासूनची, मग ही आडकाठी कसली? नियम तुला ठाऊक आहे. कुळाच्या खरेदीला 10 वर्षं उलटली असतील, तर 2014 च्या दुरुस्तीप्रमाणे आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, 40 पट रक्कम भरून व्यवहार करता येतो. एवढं सांगून तू त्याला वाटेला लावशील, आणि काम झालं असं दोघांनाही वाटेल. पण तो शेरा तिथं आला कुठून, हे त्याला माहीत नाही. तुला तरी माहीत हवं.

तुझ्याच तालुक्यात चरी गाव आहे. 27 ऑक्टोबर 1933 ला तिथं कुळांची सभा झाली आणि नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं ठरलं, की यंदापासून खोताची, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराची, जमीन कसायची नाही. आसपासची 25 गावं त्यात उतरली. पिकवायचं कुळानं, मोठा वाटा न्यायचा खोत-सावकारानं, वर वेठबिगार, आणि कागदावर कुळाचं नावसुद्धा नाही, अशी तेव्हाची रीत होती. संप महिना-दोन महिने चालेल असं मालकांना वाटलं असेल. तो चालला 6 वर्षं. भाताची खाचरं पडीक राहिली, माणसांनी डोंगरातून लाकूडफाटा आणून विकला, उपास काढले, पण नांगर धरला नाही. 1937 साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. 1939 मध्ये पहिला कुळकायदा आला, संरक्षित कूळ, म्हणजे मालकाला मनमानीनं हटवता येणार नाही असं कूळ, ही गोष्ट कागदावर उमटली. 1948 चा कुळवहिवाट कायदा, 1949 चा खोती रद्द करणारा कायदा आणि मग 1 एप्रिल 1957, आपण ज्याला कृषक दिन म्हणतो तो. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्यानं मालक मानलं गेलं.

आता कलम 43 कडे बघ. एवढ्या झगड्यानंतर कुळाच्या हाती आलेली जमीन अडीअडचणीला पुन्हा सावकाराच्या घशात जाऊ नये, म्हणून घातलेला तो अडसर होता. त्या तरुणाच्या आज्यानं, कदाचित पणज्यानं, उपास काढून मिळवलेल्या जमिनीची ती राखण होती. त्यानं जमीन विकू नये असं मी म्हणत नाही, तो त्याचा हक्क आहे. पण आपण काय विकतोय हे त्याला कळायला हवं, आणि ते सांगणारं तुझ्याशिवाय दुसरं कुणी त्या खोलीत नसेल.

हा इतिहास सगळाच विजयाचा नाही, तेही लक्षात ठेव. कुळाच्या खरेदीची किंमत ठरवणाऱ्या कलम 32ग च्या चौकशीत कूळ हजर राहिलं नाही, तर खरेदी निष्फळ ठरायची. नोटीस वाचता न येणारी माणसं, मालकाच्या दबावाखालची माणसं, मुंबईला गिरणीत गेलेली माणसं तिथं कशी पोचणार? कित्येकांकडून जमीन सोडल्याचे 'स्वखुशीचे' राजीनामे लिहून घेतले गेले. अशा घरातली आजची पोरं भूमिहीन आहेत आणि शेजारच्या घरातली लखपती. गाव म्हणतं, यांचं नशीब. एकदा त्या चौकशीचे जुने कागद वाच, मग नशीब हा शब्द तुझ्या तोंडून सहज निघणार नाही.

आणखी एक सांगतो. तुझ्या सजात पडीक जमीन भरपूर दिसेल. मालक मुंबईत, खाचरात गवत. विचारलंस तर उत्तर ठरलेलं आहे: दुसऱ्याला लावायला दिली तर कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल. सगळ्या कोकणात ही भीती आजही आहे, आणि ती 1957 कडूनच आली आहे. जे कसायला देतात ते तोंडी देतात, कागद करत नाहीत. म्हणून प्रत्यक्ष घाम गाळणाऱ्याला पीककर्ज मिळत नाही, आणि अवकाळीनं भात आडवा झाला की भरपाई सातबाऱ्यावर नाव असलेल्या मालकाच्या खात्यात जाते. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये तू हे कितीही शोधलंस तरी सापडणार नाही. ज्या कायद्यानं लाखोंना जमीन दिली, त्याच्याच धाकानं आज काही हजारांची नावं कागदाबाहेर राहिली आहेत. दोन्ही खरं आहे. आजच्या पडीक शेताचं कोडं यातलं एकच धरून सुटत नाही.

'ए.कु.मॅ.' अशी नोंद भेटली तर थांब. एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून थोरल्याचं एकट्याचं नाव लागलेलं असतं, आणि धाकट्यांचे, बहिणींचे वारस आज दारोदार फिरत असतात.

भांडणाचं म्हणालीस, ते मला पटतं. पण अर्धवट इतिहासावर माणसं जास्त भांडतात, असा माझा अनुभव आहे. तुमची पिढी गडांवर जाते, स्वच्छता करते, शिवजयंतीला रात्रभर मशाल घेऊन धावते. मला त्याचं मनापासून कौतुक आहे. त्याच मुलांना आपल्या घराची जमीन कुठून आली हे विचारलं तर गप्प होतात. आणि गरज पडते तेव्हा उशीर झालेला असतो. 2023 पासून कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्यभर जुनी दप्तरं सोडली गेली, तेव्हा त्यातली जुनी मोडी लिपी वाचणारी माणसं मिळेनात. लाखो मुलांचं शिक्षण आणि नोकरी ज्या कागदावर अडली, तो कागद वाचणारेच उरले नव्हते. मागचं कशाला उकरायचं, याचं याहून ठोस उत्तर माझ्यापाशी नाही.

तेव्हा एवढं कर. रुजू झालीस की सजातल्या प्रत्येक गावाचे जुने फेरफार काढ, 1957 च्या आगेमागे नावं कशी बदलली ते बघ. जुन्या कागदांवर 'जिल्हा कुलाबा' दिसेल, गोंधळू नकोस; रायगड हे नाव 1981 चं. एखाद्या रविवारी चरीला जा, तिथल्या म्हाताऱ्यांशी बोल, त्यांच्या घरात या गोष्टी अजून सांगितल्या जातात. आणि मोडीचा वर्ग लाव. सराव ठेवलास तर लिपी पावसाळ्याभरात हाताशी येते. तोवर कुठं अडलीस तर फोटो पाठव, मी वाचून देतो.

तुझा,
काका