जाऊबाईंसाठी सरोगेट माता व्हायचे असल्यास प्रक्रिया काय असते?

आपले वय २९ आहे, पदरी एक मुलगी आहे आणि जाऊबाईंसाठी सरोगेट माता होण्याची आपली तयारी आहे. प्रक्रिया कशी असते आणि बाळ सोपवताना जड जाते का, असे आपण विचारले आहे.

२५ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सरोगसी नियमन कायद्याप्रमाणे सरोगेट स्त्रीचे लग्न झालेले असावे, तिला स्वतःचे मूल असावे आणि तिचे वय २५ ते ३५ असावे, म्हणजे आपण त्यात बसता. हे आयुष्यात एकदाच करता येते आणि स्त्रीबीज आपले चालत नाही. जिल्हा वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र जाऊबाईंनी मिळवायचे असते आणि पालकत्वाच्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशासाठी जाऊबाई, त्यांचे पती आणि आपण मिळून अर्ज करायचा असतो.

मी हे माझ्या थोरल्या बहिणीसाठी केले. तिच्या पहिल्या बाळंतपणात रक्तस्राव थांबेना म्हणून गर्भपिशवी काढावी लागली होती आणि ते मूलही हाती लागले नव्हते. बीज ताईचे आणि दाजींचे, वाढवायचे मी, असे ठरले. गर्भाशयाचे अस्तर तयार होण्यासाठी आधी गोळ्या सुरू झाल्या आणि मग प्रोजेस्टेरॉनची, म्हणजे गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकाची, तेलातली इंजेक्शने. ते औषध इतके घट्ट असते की सुई निघाली तरी आत गाठ राहते. रात्री त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची आणि सकाळी एका बाजूवर भार देऊन शिलाई मशीनवर बसायचे, असे माझे चालले होते. पुढे पोट मशीनच्या फळीला लागू लागले, तेव्हा ऐन लगीनसराईत ब्लाऊज घेणे बंद केले. गिऱ्हाईक थांबत नाही. पुष्कळजणी दुसरीकडे गेल्या त्या गेल्याच.

बारशाच्या दिवशी ताईच्या सासूबाई आल्यागेल्याला सांगत होत्या, "घरातल्या घरात झालं, बाहेरच्या बाईला एक पैसा द्यावा लागला नाही." मी तिथेच म्हटले, "बाहेरच्या बाईलाही देता येत नाही, मावशी. गुन्हा आहे तो." तेव्हापासून आमचे बोलणे जेमतेमच आहे.

पूर्वी गुजरातमधल्या आणंदला परदेशी जोडपी येत, सरोगेट स्त्रीला मोबदला मिळे आणि त्यातला वाटा दलाल खात. त्यामुळे पैशाच्या व्यवहारावर बंदी आली याला माझा विरोध नाही. पण आज डॉक्टर फी घेतात, प्रयोगशाळा घेते, वकील घेतात, आणि परोपकार मात्र जिच्या पोटात मूल वाढते तिने एकटीने करायचा. तिच्यासाठी औषधोपचाराचा खर्च, विमा आणि नियमांत बसणारे इतर खर्च एवढेच. मग निदान घरच्यांनी तरी ते काम समजावे, उपकार करून घेण्याचा हक्क समजू नये. आपल्या मुलीला शाळेतून कोण आणणार, स्वयंपाक कोण करणार, बाळंतपणानंतर आपली उठबस कोण करणार, हे जाऊबाई आणि सासूबाई यांना समोर बसवून विचारा. "आपल्याच घरात कसला हिशोब" असे उत्तर आले, तर ते नकारच समजावे.

बाळ सोपवणे मला जड गेले नाही, कारण ते ताईचे आहे हे पहिल्या दिवसापासून मनात पक्के होते. दूध मात्र आलेच आणि ते आटवण्याच्या गोळ्या घ्याव्या लागल्या. आपले मन कसे वागेल हे मी सांगू शकत नाही. शिवाय पहिले बाळंतपण सिझेरियनने झाले असेल किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, तर आपल्या स्वतःच्या डॉक्टरांचे मत वेगळे घ्यावे. विमा ३६ महिन्यांचा असणे नियमाने बंधनकारक आहे, त्याचा कागद स्वतःच्या हाती घ्यावा. भ्रूण गर्भाशयात सोडेपर्यंतच संमती मागे घेता येते, तेव्हा घरातली ही सगळी बोलणी त्याआधी उरकावीत.