झोपेच्या गोळीआधी श्वासाची तपासणी

प्रश्न : माझे यजमान चाळिशीतले आहेत. नारळाच्या झाडावरून पडून त्यांच्या मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यापाशी मज्जारज्जूला इजा झाली. खांदे व कोपर हलतात, बोटे आणि छातीखालचे शरीर हलत नाही. गेल्या काही महिन्यांपासून ते रात्री मोठ्याने घोरतात, मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो आणि दचकून जागे होतात. सकाळी डोके जड असते, दिवसा डुलक्या येतात. कफ घशाशी येऊन अडकतो. खुर्चीत बसवले की दम लागतो आणि आडवे केले की बरे वाटते, याचेही नवल वाटते. झोपेची गोळी सुरू करावी का? ऑक्सिजनचे यंत्र घरी आणावे का?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : ताई, तपासणी होईपर्यंत या दोन्ही गोष्टी करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही वर्णन केलेली लक्षणे झोपेत श्वास अडण्याच्या विकाराकडे, म्हणजे स्लीप अॅप्नियाकडे, बोट दाखवतात. मानेच्या मज्जारज्जूला इजा झालेल्यांमध्ये हा विकार इतरांपेक्षा पुष्कळ अधिक आढळतो, तरीही घरचे लोक आणि कधी कधी डॉक्टरसुद्धा त्याला नुसते घोरणे समजून सोडून देतात. झोपेच्या गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि श्वास उथळ होऊ शकतो. स्नायूंचा ताठरपणा कमी करण्यासाठी बॅक्लोफेन चालू असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. मात्र ते एकाएकी बंद करू नका, त्यात धोका असतो.

यजमानांचे श्वासपटल, म्हणजे छाती व पोट यांच्यामधला श्वासाचा मुख्य स्नायू, काम करते, कारण त्याच्या नसा मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून निघतात. बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू मात्र निकामी झालेले असतात. बसल्यावर सैल पोट पुढे येते, श्वासपटल खाली ओढले जाऊन सपाट होते आणि त्याला वर-खाली व्हायला पुरेसा वाव राहत नाही; आडवे झाल्यावर पोटातले अवयव त्याला वर ढकलतात, म्हणून श्वास सोपा वाटतो. यासाठी खुर्चीत बसवण्यापूर्वी पोटाला रुंद लवचीक पट्टा बांधतात. तो बरगड्यांवर चढू देऊ नये आणि झोपवताना काढावा.

ऑक्सिजनबद्दल थोडे सविस्तर लिहितो. श्वास उथळ असला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि सकाळचे डोके दुखणे बहुधा त्यामुळेच असते. नुसता ऑक्सिजन दिला, तर बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा छान दिसतो, पण आत कार्बन डायऑक्साइड वाढतच राहतो. म्हणून छातीरोगतज्ज्ञांकडे रात्रभराची झोपेची तपासणी करून घ्या आणि तिच्यात कार्बन डायऑक्साइडही मोजावा, असा आग्रह धरा. निदान झाल्यावर बहुधा मास्कमधून दाबाने हवा देणारे सीपॅप किंवा बायपॅप यंत्र सुचवले जाईल. ते कोणत्या दाबावर लावायचे, हे तज्ज्ञांनी ठरवायचे असते. दुसऱ्या कुणाचे यंत्र आणून तसेच लावू नये.

ज्याला स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही, त्याला तोंड झाकणारा मास्क उलटी झाल्यास घातक ठरू शकतो. म्हणून शक्यतो नाकापुरता मास्क घ्यावा, डोके किंवा कोपराने वाजवता येईल अशी घंटा ठेवावी आणि हाकेच्या अंतरावर कुणीतरी झोपावे. पावसाळ्यात तुमच्याकडे वीज जाते, तेव्हा इन्व्हर्टरची सोय यंत्र घरी येण्याआधीच करा.

कफ अडकतो तो खोकल्यामागचा पोटाचा जोर उरलेला नसतो म्हणून. यजमान खोकण्याचा प्रयत्न करतात त्याच क्षणी बरगड्यांखाली तळहातांनी आत आणि वर दाब देण्याची रीत फिजिओथेरपिस्ट शिकवतात. ती वाचून नव्हे, त्यांच्यासमोर हाताने करूनच शिका, आणि जेवणानंतर लगेच करू नका. मुंबईत हाजी अली येथील ‘ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन’ या केंद्र सरकारच्या संस्थेत अशा पुनर्वसनाचे काम चालते. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींविषयीही विचारा.

श्वासाचा प्रश्न सुटल्यावरही झोप वेळेवर लागली नाही, तर तो त्यांचा हट्ट समजू नका. अंधार पडल्याची खबर मेंदूतल्या पीनियल ग्रंथीपर्यंत पोहोचवणारा मार्ग मानेच्या मज्जारज्जूतून जातो. तो पूर्ण तुटला, तर झोपेची वेळ झाल्याचा संकेत देणारे मेलाटोनिन हे त्या ग्रंथीचे संप्रेरक रात्री वाढतच नाही. त्यावर उपाय करता येतो, पण तो डॉक्टरांच्या सल्ल्याने. कूस बदलण्यासाठी तुम्हीही रात्री उठत असणार. घरातल्या दुसऱ्या कुणाशी त्या पाळ्या वाटून घ्या.

एकाएकी ठणकणारे डोके, लाल चेहरा आणि मानेवर घाम हे मात्र निराळे व तातडीचे लक्षण आहे. अशा वेळी त्यांना उठवून बसवा, पट्टा व कपडे सैल करा, लघवीची नळी पिळली गेली आहे का ते पाहा आणि डोके उतरले नाही तर लगेच रुग्णालयात न्या. ताप, घट्ट पिवळा कफ किंवा एका दमात वाक्य पुरे न होणे यांपैकी काहीही दिसले, तरी सकाळची वाट पाहू नका.