सुरुवात 'मॉमी डियरेस्ट'पासूनच कर

अरे हॉलिवूडच्या नट्यांवरचे चरित्रपट पहिल्यांदाच बघतोयस ना, मग जोन क्रॉफर्ड या नटीवरचा १९८१चा 'मॉमी डियरेस्ट'च लाव, पण त्याआधी खऱ्या जोन क्रॉफर्डचा १९४५चा 'मिल्ड्रेड पियर्स' बघून घे, त्यासाठी ऑस्कर मिळालं होतं तिला. मूळ बाई डोळ्यासमोर असली की तिची भूमिका करणारी फे डनवे काय करतेय ते कळतं.

नवीन लोक हमखास नुसती हँगरवाली क्लिप बघतात, तसं नको करू! रात्रीची वेळ, तोंडभर पांढरं क्रीम, मुलीच्या कपाटात तारेचा हँगर सापडतो आणि क्रॉफर्ड जी किंचाळते ना, ते आधीचं सगळं बघितल्याशिवाय अंगावर येत नाही. डनवेने जीव तोडून काम केलंय, खरी मजा त्यातच आहे.

आणि पडद्यावर दाखवलं म्हणजे तसंच घडलं असं धरू नको. जीन हार्लो या नटीवरचे १९६५चे 'हार्लो' नावाचे दोन्ही सिनेमे नंतर बघ, घाई नाही.