नवशिक्या भाच्यासाठी: कॅसेटवाल्या गेमचा सल्ला
जुनी कॅसेट हाती लागलीय ना, तर तिच्यात फुंकर मारू नकोस. बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरी आम्ही सगळे तेच करायचो, पण तोंडाच्या ओलाव्याने आतल्या पट्ट्या गंजतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लाव, हलकेच पूस, नीट वाळू दे.

मग कॉन्ट्रा हा गोळीबाराचा गेम लाव. सुरुवातीच्या पडद्यावर वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए अशी बटणं दाब. दोघं असाल तर सिलेक्ट, मग स्टार्ट. तीनाऐवजी तीस जीव! बटणांचा हा गुप्त क्रम, म्हणजे कोड, कोनामी कंपनीचे प्रोग्रामर काझुहिसा हाशिमोतो यांचा. १९८६ साली कोनामीचाच ग्रेडियस हा गेम घरगुती यंत्रावर आणताना तपासणीत तो त्यांनाच जड जात होता, म्हणून त्यांनी त्यात हा कोड घातला; पुढे तो कॉन्ट्रातही आला. आता असे कोड क्वचितच दिसतात; जास्तीचे जीव हवे तर बऱ्याचदा पैसे मोजा. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि एकटा खेळू नकोस, बहिणीला शेजारी बसव. धबधब्याच्या टप्प्यात तिच्यासाठी थांब. तू घाईने वर चढलास की पडदा सरकतो आणि खाली राहिलेली ती मरते.