उत्तर वाचले की समजते, सोडवायला बसले की अडते

प्रश्न : मी एम.एस्सी. भाग १ मध्ये असून सेंद्रिय रसायनशास्त्र हा माझा विषय आहे. शालेय शिक्षण तालुक्याच्या गावी, मराठी माध्यमात झाले. बी.एस्सी.ला प्रथम श्रेणी मिळाली, पण आता स्पेक्ट्रोस्कोपी (वर्णपटावरून रेणूची रचना ओळखणे) आणि रिअ‍ॅक्शन मेकॅनिझम (अभिक्रिया पायरीपायरीने कशी घडते ते) यांपुढे निभाव लागत नाही. सरांनी फळ्यावर सोडवलेले सगळे समजते, परीक्षेत मात्र पेन हलत नाही. वर्गातील काही जण तर प्रश्न पुरता होण्याआधीच उत्तर देतात. हा विषय माझ्या कुवतीबाहेरचा आहे, सोडून बी.एड. करावे, असे सारखे वाटते. मी काय करावे?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : निदानाला उपयोगी पडेल असे वाक्य तुमच्या पत्रात एकच आहे : ‘फळ्यावर सोडवलेले सगळे समजते.’ सोडवलेले उदाहरण वाचताना प्रत्येक पायरी पटत जाते, कारण पुढची पायरी कोणती हे दुसऱ्याने आधीच ठरवलेले असते. परीक्षेत नेमके तेच आपल्याला ठरवायचे असते. अपेक्षित प्रश्नसंचांवर बी.एस्सी.ची प्रथम श्रेणी मिळवता येते, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे या सरावाची गरज अनेकांना एम.एस्सी.त आल्यावरच कळते.

एक नेहमीचा प्रश्न घेऊ. रेणूत चार कार्बन, आठ हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजन आहेत; आयआरमध्ये, म्हणजे अवरक्त वर्णपटात, १७४० सेमी⁻¹ च्या आसपास ठळक शोषण आहे; प्रोटॉन एनएमआरमध्ये, म्हणजे रेणूतील हायड्रोजनांच्या वर्णपटात, १.२ पीपीएमजवळ (पीपीएम हे त्या वर्णपटातील स्थानाचे माप) तीन हायड्रोजनांचा ट्रिपलेट (तीन शिखरांचा संकेत), २.० जवळ तीन हायड्रोजनांचा सिंगलेट (एकच शिखर) आणि ४.१ जवळ दोन हायड्रोजनांचा क्वार्टेट (चार शिखरे) दिसतो. उत्तर इथिल अ‍ॅसिटेट, हे कदाचित तुम्हाला पाठही असेल. आता वही मिटून तिथवर पोहोचून पाहा. चार कार्बनांच्या संपृक्त रेणूत दहा हायड्रोजन असतात, इथे दोन कमी आहेत, म्हणजे एक दुहेरी बंध किंवा एक वलय असले पाहिजे. आयआर सांगते की तो एस्टरचा कार्बोनिल, म्हणजे कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध, असावा. खरी मेख यापुढे आहे. मिथिल प्रोपॅनोएटचे सूत्र हेच आणि त्यातही ट्रिपलेट, क्वार्टेट व सिंगलेट हेच त्रिकूट मिळते. पण तिथे ऑक्सिजनला मिथिल गट जोडलेला असल्यामुळे सिंगलेट ३.७ च्या जवळ जातो आणि क्वार्टेट २.३ पर्यंत खाली येतो. क्वार्टेट ४.१ लाच का, हा प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय पुढे जायचे नाही, एवढी सवय लागली तरी निम्मा पेपर वेगळा दिसू लागेल.

मेकॅनिझमलाही हेच लागू पडते. अभिक्रिया दाखवताना काढलेला प्रत्येक बाण इलेक्ट्रॉनांच्या कोणत्या जोडीपासून निघाला, हे सांगता आले पाहिजे. तृतीयक ब्रोमाइडवर (ज्यात ब्रोमीनच्या कार्बनला आणखी तीन कार्बन-गट जोडलेले असतात) दुसऱ्या अभिक्रियाकारकाचा मागून हल्ला होत नाही, कारण तीन गट वाट अडवतात, आणि ब्रोमाइड सुटून गेल्यावर उरलेल्या कार्बन आयनाला तेच तीन गट सावरतात. हे कोऱ्या कागदावर काढता आले, तर पाठांतराचा भार आपोआप हलका होतो. रोज दोनच प्रश्न घ्या, प्रत्येकाला वीस मिनिटे द्या आणि त्याआधी उत्तर उघडू नका. जिथे अडलात तिथे खूण करून तोच कागद सरांना दाखवा. ‘काहीच येत नाही’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षकांनाही नीट मदत करता येत नाही.

झटपट उत्तरे देणाऱ्यांमध्ये आयआयटी जॅमची (एम.एस्सी. प्रवेशासाठीच्या परीक्षेची) तयारी केलेले कुणी असतील, तर असे ढीगभर प्रश्न त्यांच्या हाताखालून आधीच गेलेले असतात. मराठी माध्यमाची अडचण खरी असली, तरी ती प्रामुख्याने उत्तर लिहिताना जाणवते. क्वार्टेट वाचण्याशी तिचा संबंध नाही.

बी.एड.चा विचार वाईट नाही, पण विषयाला घाबरून तो करू नका. महाराष्ट्रात कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायचे असेल, तर पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. या दोन्ही पात्रता मागितल्या जातात. एम.एस्सी. आता अर्धवट सोडलीत, तर ती तिथेही आडवी येईल.