वाचकांचे प्रश्न : जिझाचा ‘लिक्विड स्वोर्ड्स’ आणि सॅम्पलिंग

प्रश्न : वू-टँग क्लॅन या अमेरिकन रॅप गटातल्या जिझाचा ‘लिक्विड स्वोर्ड्स’ हा पहिलाच एकल अल्बम ना? त्यातला तो धुळकट आवाज लॅपटॉपवर काढता येईल का?

उत्तर : पहिला नव्हे, दुसरा. 1991 मध्ये कोल्ड चिलिन या रेकॉर्ड कंपनीने त्याचा ‘वर्ड्स फ्रॉम द जीनियस’ काढला होता. तो फारसा चालला नाही. 1993 मध्ये वू-टँगचा अल्बम गाजला आणि 7 नोव्हेंबर 1995 रोजी गेफनने ‘लिक्विड स्वोर्ड्स’ आणला. कंपन्यांवरचा राग ‘लेबल्स’मध्ये निघाला आहे, रेकॉर्ड कंपन्यांची नावंच ओळींत गुंफली आहेत. शेवटचं गाणं वगळता सगळे बीट (रॅपखालचं संगीत) चुलतभाऊ रिझाचे, स्टेटन आयलंडवरच्या त्याच्या तळघरात बनलेले.

त्या काळच्या सॅम्पलरची (जुन्या रेकॉर्डमधले तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्राची) मेमरी तुटपुंजी. एन्सॉनिक एएसआर-10 ला मुळात 2 एमबी मिळत : 44.1 किलोहर्ट्झवर मोनोमध्ये जेमतेम 24 सेकंद. सॅम्पलिंग 30 किलोहर्ट्झवर आणलं की 35 सेकंद मिळतात, पण 15 किलोहर्ट्झच्या वरचं सगळं गळून पडतं. आखूड लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) आणि मंद, मळकट आवाज यांत हौसेइतकाच नाइलाजही होता.

आता तुमच्याकडे. टेम्पो 90 (मिनिटाला 90 ठोके) धरलात तर दोन बारचा, म्हणजे आठ ठोक्यांचा, लूप 5.33 सेकंदांचा होतो. लाट शून्यरेषा ओलांडते तिथेच कापा, नाहीतर प्रत्येक फेरीला ‘टक’ ऐकू येईल. मूळ गाणं 96 चं असेल तर टाइम-स्ट्रेच (सूर तोच ठेवून वेग बदलणं) न वापरता वेगच उतरवा. सूर एका सेमीटोनहून (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) किंचित जास्त खाली येतो, म्हणजे दोन पट्ट्यांच्या मधेच अडकतो. बास त्याच्याशी सेंटमध्ये (सेमीटोनचा शंभरावा भाग) जुळवून घ्या. बहुतेकांचं इथेच फसतं. मग ‘मिक्स खराब आहे’ म्हणत इक्वलायझर फिरवत बसतात. लूपचा 100 हर्ट्झखालचा भाग काढून किक आणि बासला जागा द्या, वरून 12 किलोहर्ट्झला छाटा. हे सगळं फक्त सॅम्पलच्या ट्रॅकवर. मास्टरवर (सगळ्या ट्रॅकच्या एकत्र आवाजावर) लावलंत तर रॅपचे शब्दही गोधडीखाली जातील, आणि जिझा ऐकायचा तो शब्दांसाठीच.

अल्बमच्या सुरुवातीचा मुलाचा आवाज ‘शोगन असॅसिन’ (1980) या चित्रपटातला. संवाद वापरायचा तर गाण्याआधी किंवा दोन गाण्यांमध्ये. रॅपच्या खाली ठेवलात तर दोन्ही कळत नाहीत.

प्रश्न : जुन्या मराठी गाण्याचे पाच-सात सेकंद परवानगीशिवाय चालतात असं ऐकलं. खरं आहे का?

उत्तर : नाही. सेकंदांची अशी कुठलीही सूट कायद्यात नाही. हक्क दोन : एक ध्वनिमुद्रणाचा, दुसरा चाल आणि शब्दांचा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं. चाल आणि शब्दांचा संगीतकार-गीतकाराच्या निधनानंतर 60 वर्षं. त्यामुळे रेकॉर्ड मोकळी झाली तरी गाणं मोकळं झालेलं नसतं. परवानगीच्या पत्रात कुठला तुकडा (उदा. 1:12 ते 1:17), किती वेळा, कुठे प्रसिद्ध करणार हे लिहा, सोबत डेमो जोडा. हे मिक्सिंगच्या आधी करा. नकार आला तर तीच ओळ पेटीवर नव्याने वाजवता येते; मग ध्वनिमुद्रणाची परवानगी लागत नाही, चालीची मात्र लागतेच.

प्रश्न : घरी रेकॉर्ड करताना ‘भ’, ‘फ’ला भसाभस हवा येते.

उत्तर : मराठीतले महाप्राण माइकला जड जातात. तोंडापासून 15-20 सेंटिमीटर अंतर, मध्ये पॉप फिल्टर (हवेचा झोत अडवणारी जाळी), आणि माइक ओठांच्या समोर न ठेवता 20 अंश तिरका. तरी राहिलं तर 80 हर्ट्झखालचा भाग कापणारा फिल्टर लावा. पातळी उणे 10 डेसिबलच्या आसपास ठेवा. जोशात ओरडाल तेव्हा जागा उरते. दुहेरी आवाज (तेच शब्द पुन्हा रेकॉर्ड करून वर चढवणं) ओळीच्या शेवटच्या दोन-तीन शब्दांपुरताच द्या, आणि त्या दुसऱ्या टेकमधली ‘भ’, ‘फ’ची सुरुवात सरळ कापून टाका.