वाचक विचारतात: ब्लेड बदललं, तरी लाकूड जळतंच

प्रश्न: जुना, १० इंची टेबल सॉ (टेबलातून वर येणारी गोल करवत) आहे. सागाची फळी उभी चिरताना कडेला काळे डाग पडतात. ६० दातांचं नवं ब्लेड लावलं, तरी तेच. आता नवा फेन्स (फळी टेकवून सरकवायची पट्टी) घ्यावा का? (मुलुंड)

उत्तर: इतक्यात नको. पहिली चूक ब्लेडच्या निवडीत आहे. ६० दाती ब्लेड प्लायवूडला आणि आडव्या कापाला छान. उभ्या चिरेत लांब तंतूंचा भुसा त्याच्या दातांमधल्या लहान खाचांत मावत नाही, घासतो, तापतो. चिरायला २४ दाती लावा.

तरीही डाग राहिले, तर ब्लेड तिरकं बसलंय. प्लग काढा, ब्लेड पूर्ण वर घ्या आणि एका दातावर मार्करने खूण करा. मायटर गेजला (टेबलावरच्या खाचेत मागेपुढे सरकणारा टेकू) लाकडाची पट्टी बांधून तिच्या टोकाला एक स्क्रू बसवा. पुढच्या बाजूला त्याचं डोकं खुणेच्या दाताला जेमतेम घासून ‘टिक्’ वाजलं पाहिजे. आता ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे न्या, गेजही मागे सरकवा. दात तोच हवा, कारण ब्लेडला स्वतःचा थोडा बाक असतो. मागे आवाज आला नाही, तर फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) मोजा. स्क्रू दातावर अडकला, तर फरक उलट दिशेला आहे. ०.१ मिमीपर्यंत चालेल.

जास्त असेल, तर टेबलाखालच्या ट्रनियनचे (ब्लेड धरणाऱ्या सांगाड्याचे) तीन बोल्ट सैल करा, चौथा जेमतेम. लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्या. बोल्ट आवळतानाही ब्लेड सरकतं, म्हणून आळीपाळीने आवळा आणि पुन्हा मोजा. एका बैठकीत जमेलच असं नाही.

फेन्स त्यानंतर, मायटर गेजच्या त्याच खाचेला समांतर. मागचं टोक ०.१ मिमी बाहेर राहिलं तरी हरकत नाही, ब्लेडकडे झुकलेलं मात्र अजिबात नको. तसं असलं, की फळी फेन्स आणि मागच्या, वर येणाऱ्या दातांमध्ये चेपते. आधी डाग पडतात, मग कधीतरी फळी उसळून अंगावर येते. एवढं करूनही जुना फेन्स आवळताना हलत असेल, तरच नवा घ्या.

प्रश्न: ब्लेडमागची पाती हरवली आहे. नवी करून घेता येईल? (परळ)

उत्तर: येईल. जाडी ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जास्त, चिरेपेक्षा कमी: पत्रा २.२ आणि चीर ३.२ मिमी असेल, तर पाती २.५ मिमीची. दातांपासून ३ ते ८ मिमी अंतर ठेवा, आणि ती ब्लेडच्या नेमक्या रेषेत हवी.

प्रश्न: मोटर नुसती घूं करते, पट्टा ओढून झटका दिला की फिरते. (बोरिवली)

उत्तर: झटका देणं आधी बंद करा, बोटं जातील. सिंगल फेज मोटरमध्ये हे बहुधा स्टार्टिंग कपॅसिटरचं किंवा भुसा अडकलेल्या सेंट्रिफ्यूगल स्विचचं (मोटरने वेग घेतला की कपॅसिटर तोडणाऱ्या) काम. कपॅसिटर डिस्चार्ज केल्याशिवाय, म्हणजे त्यात साठलेली वीज घालवल्याशिवाय, हात लावू नका. नव्या कपॅसिटरचे मायक्रोफॅरड जुन्याइतकेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त. मुंबईच्या लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, मिळेल. तिथूनच नो-व्होल्ट रिलीजचा स्टार्टरही आणा, म्हणजे वीज जाऊन परत आली, की यंत्र आपोआप सुरू होणार नाही.